तीन प्राध्यापक आणि एक त्रिकोणी मेज

नभोवाणीवरील संवाद ऐकणाऱ्या मनुष्यास एक गोड भ्रम होत असतो. तीन-चार जाणते गृहस्थ सहज एकत्र जमले, विषय सहज निघाला, थोडे मतभेद झाले, थोडें हंसणें झालें, आणि अर्धा तास पुरा होतांच बोलणें आपोआप संपलें, असें त्याला वाटतें. पडद्यामागें डोकावण्याची संधि ज्यांना मिळाली आहे त्यांना मात्र ठाऊक असतें कीं, त्या अर्ध्या तासांत आपोआप घडलेली अशी गोष्ट फारच थोडी असते. याचें एक चांगलें उदाहरण अमेरिकेंतील शिकागो शहरांत सांपडतें. एका स्थानिक केंद्रावरील लहानसा कार्यक्रम, तीन प्राध्यापक आणि सुतारांकडून मुद्दाम करवून घेतलेलें एक मेज, एवढीच त्याची सामुग्री होती. पण तो चोवीस वर्षें चालला.

१९३१ च्या फेब्रुवारीची पहिली तारीख रविवारीं आली होती. स्वामी विवेकानंदांच्या १८९३ मधील व्याख्यानांमुळें शिकागो हें नांव आपल्याकडे घरोघर झालें आहे. त्याच शहरांतील विद्यापीठाचे तीन अध्यापक त्या दिवशीं मायक्रोफोनपुढें बसले. पर्सी बॉइन्टन हे इंग्रजी वाङ्मयाचे, जेरोम कर्विन हे राज्यशास्त्राचे आणि विनफ्रेड गॅरिसन हे ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या इतिहासाचे. विषय होता दारूबंदीचा. सरकारनें नेमलेल्या विकरशॅम मंडळाचा अहवाल नुकताच, जानेवारींत, बाहेर पडला होता. मंडळानें एकत्रितपणें बंदी कायम ठेवावी म्हटलें होतें, आणि सभासदांपैकीं बहुतेकांनीं स्वतंत्रपणें तिच्या यशाविषयीं शंका नमूद केली होती! चोरट्या दारूच्या व्यापारानें आणि टोळीवाल्यांच्या गोळीबारानें बदनाम झालेल्या शिकागो शहरांत हा विषय कोणालाही शिळा वाटण्यासारखा नव्हता. परंतु नवल विषयाचें नव्हतें. नवल होतें तें हें कीं, तिघांपैकीं कोणाच्याही हातांत वाचावयाचा कागद नव्हता.

कार्यक्रमाचें नांव 'राउंड टेबल', म्हणजे गोलमेज, असें पडलें. लंडनमधील पहिली गोलमेज परिषद १९ जानेवारीस संपून तेव्हां अवघे तेरा दिवस झाले होते, आणि डॉ. आंबेडकर, बॅ. जयकर यांचीं तेथील भाषणें महाराष्ट्रांत वाचलीं जात होतीं. दोहोंचा परस्परांशीं योगायोगापलीकडे संबंध नाहीं. मौज एवढीच कीं, शिकागोचें मेज गोल नव्हतें. पण तें पुढें येईल.

ज्या केंद्रावरून हें बोलणें झालें त्याचें नांव, अमेरिकन प्रघाताप्रमाणें, नुसतीं चार अक्षरें होतें: डब्ल्यू-एम-ए-क्यू. 'शिकागो डेली न्यूज' या वृत्तपत्रानें १९२२ सालीं तें सुरू केलें आणि त्याची व्यवस्था ज्युडिथ वॉलर या तरुण बाईंकडे सोंपविली. नभोवाणी ही काय चीज आहे हें त्या बाईंना ठाऊक नव्हतें. आणि ज्यांनीं त्यांना नेमलें त्यांनाही फारसें ठाऊक नव्हतें. अशा दुहेरी अज्ञानांतून कधीं कधीं चांगलें काम निपजतें, कारण अमुक गोष्ट करूं नये असें सांगणारा कोणी नसतो. वॉलरबाईंनीं चांगलें संगीत मिळविलें, मुलांसाठीं कार्यक्रम काढले, आणि शहरांतील विद्यापीठांकडे जाऊन प्राध्यापकांचीं व्याख्यानें मागितलीं.

तीं व्याख्यानें मिळालीं. पण ऐकलीं किती गेलीं हा प्रश्नच आहे. वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यास उठून जातां येत नाहीं. हजेरी असते, परीक्षा असते, आणि शिक्षकाची नजर असते. घरांतील श्रोत्यावर यांपैकीं कशाचाही धाक नाहीं. त्याच्या हाताशीं एक खुंटी असते, ती अंमळ फिरविली कीं प्राध्यापक जाऊन बँड येतो. पन्नास मिनिटांच्या तासास सरावलेला विद्वान मायक्रोफोनपुढें आला कीं प्रस्तावनेंतच दहा मिनिटें घालवी. वास्तविक हेच प्राध्यापक दुपारीं आपल्या क्लबांत जेवावयास बसले म्हणजे मोठ्या रंगतीनें वाद घालीत, एकमेकांस अडवीत, थट्टा करीत. मग जेवणाच्या मेजाभोंवतीं जें चालतें तेंच लोकांच्या कानांवर कां घालूं नये? विद्यापीठाच्या नभोवाणी-कार्याची व्यवस्था पाहणारे अ‍ॅलन मिलर आणि वॉलरबाई यांच्या खटपटीनें हा प्रयोग उभा राहिला.

हा प्रयोग धाडसाचा कां होता हें समजण्यास त्याच काळीं लंडनमध्यें काय चाललें होतें तें पाहिलें पाहिजे. बी. बी. सी.च्या भाषण विभागाच्या प्रमुख तेव्हां हिल्डा मॅथेसन या होत्या. त्या १९२६ मध्यें तेथें आल्या आणि पुढील वर्षीं त्यांच्याकडे हा विभाग आला. सभेंतील वक्तृत्व नभोवाणीवर चालत नाहीं हें त्यांनीं फार लौकर ओळखलें. ऐकणारे लाखों असले तरी प्रत्येकजण आपल्या घरांत एकटा किंवा दोघां-तिघांसह बसलेला असतो, तेव्हां त्याच्याशीं शेजारीं बसून बोलावें तसें बोललें पाहिजे, हें त्यांचें सूत्र होतें. पण तसें बोलणें आणावयाचें कसें? मॅथेसनबाईंची रीत अशी कीं, भाषण आधीं लिहून घ्यावयाचें, तें वाचून पाहावयाचें, पुस्तकी वाक्यें मोडून तोंडच्या भाषेंत बसवावयाचीं, आणि मग वक्त्यास मायक्रोफोनपुढें बसवून त्याच्याकडून तालीम करून घ्यावयाची. इतकी कीं वाचलेला कागद वाचलेला वाटूं नये. मोठमोठ्या ग्रंथकारांनाही हा जाच सोसावा लागे.

या कागदाचें दुसरेंही एक काम होतें, आणि तें भाषेचें नव्हतें. वादग्रस्त विषयावर बी. बी. सी.नें बोलूं नये असा सरकारी निर्बंध १९२८ च्या मार्चपर्यंत होता. तो उठल्यावरही वक्ता काय बोलणार हें आधीं कळलेलें बरें, असेंच वरिष्ठांस वाटे. लिहिलेलें भाषण म्हणजे उच्चाराची सोय आणि पहाऱ्याचीही सोय. त्याच निर्बंधाच्या वातावरणांत मॅथेसनबाईंनीं १९२९ च्या नोव्हेंबरांत एक छोटा कार्यक्रम सुरू केला. आदल्या वर्षींच्या कायद्यानें इंग्लंडांतील स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें मताधिकार मिळाला होता; या नव्या मतदारांस आठवडाभर पार्लमेंटांत काय झालें तें स्त्री-सभासदांनींच सकाळच्या वेळीं समजावून सांगावें, अशी योजना होती. हाच कार्यक्रम पुढें 'दि वीक इन वेस्टमिन्स्टर' या नांवानें रूढ झाला. मॅथेसनबाईंचें मात्र संचालक रीथ यांच्याशीं पटेना. आधुनिक वाङ्मयावरील हॅरल्ड निकल्सन यांच्या भाषणांवरून विरोध विकोपास गेला, १९३१ च्या अखेरीस त्यांनीं राजीनामा दिला आणि पुढील वर्षाच्या आरंभीं त्या बाहेर पडल्या.

त्यांच्याच हाताखालीं भाषण विभागांत काम केलेले लायोनेल फील्डन १९३५ च्या ऑगस्टमध्यें हिंदुस्थानांत नभोवाणीचे प्रमुख होऊन आले, आणि १९३६ च्या जूनमध्यें त्यांच्या कारकीर्दींत 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव पडलें. मुंबईचें केंद्र १९२७ च्या २३ जुलैपासूनच चालू होतें. परंतु आधीं लेख, मग तपासणी, मग तालीम, मग भाषण ही शिस्त येथें जी मुरली, तिचें मूळ लंडनच्या त्या विभागांत आहे. मराठी भाषणें देणाऱ्या कित्येक विद्वानांना आपला लेख मिनिटांत मोजला जातो याचा प्रथम मोठा विस्मय वाटला असला पाहिजे.

शिकागोच्या मंडळीनें हा कागदच काढून टाकला, आणि त्याबरोबर सगळ्या अडचणी ओढवून घेतल्या. तिघे एकदम बोलूं लागले तर श्रोत्यास नुसता कलकलाट ऐकूं येतो. एकजण मायक्रोफोनकडे झुकला तर त्याचा आवाज गर्जतो आणि दुसऱ्याचा विहिरींतून आल्यासारखा वाटतो. एखादा मुद्दा सुचेना म्हणून चार क्षण स्तब्धता पडली तर घरांतील माणूस यंत्र बिघडलें समजतो. आणि सर्वांत मोठी अडचण वेळेची. लिहिलेला लेख घड्याळ लावून मोजतां येतो. रंगलेला वाद मोजतां येत नाहीं. प्राध्यापक म्हणजे तर वेळ संपल्याची घंटा झाल्यावरच ज्याला खरा मुद्दा सुचतो असा प्राणी!

यावर उपाय सांपडला तो तत्त्वज्ञानांत नव्हे, सुतारकामांत. विद्यापीठाच्या सुतारांनीं एक त्रिकोणी मेज तयार केलें. त्याच्या तीन बाजूंना तिघे बसत. त्यामुळें प्रत्येकास दुसऱ्या दोघांचीं तोंडें समोर दिसत, आणि मायक्रोफोनपासून प्रत्येकाचें अंतर सारखें राही. मेजाच्या बाजू उतरत्या ठेविल्या होत्या. वेळ दाखविणारें घड्याळ आणि प्रत्येक वक्त्यासमोर इशाऱ्याचे दिवे अशी त्यांत योजना होती. बोलतां बोलतां दिवा लागला कीं वक्त्यानें समजावें. कोणी खांद्यास स्पर्श करावयास नको, चिठ्ठी सरकवावयास नको, घसा खाकरावयास नको. श्रोत्यास ऐकूं येई तो केवळ मोकळा संवाद. त्या मोकळेपणाला लगाम घालणारा दिवा त्याला दिसत नसे. गोलमेज या नांवाचा कार्यक्रम त्रिकोणी मेजावर चालला, तो असा.

तीनच माणसें कां, याचाही विचार करण्यासारखा आहे. दोघे बसले तर वादाचें भांडण होतें किंवा एकजण दुसऱ्याची मुलाखत घेतो. चौघे-पांचजण बसले तर कोणता आवाज कोणाचा हें आंधळ्या श्रोत्यास, म्हणजे नभोवाणीच्या प्रत्येक श्रोत्यास, ओळखतां येत नाहीं. तिघांत एकजण विषयाचा जाणता, एकजण त्याला आडवें जाणारा, आणि एकजण सामान्य माणसाच्या वतीनें 'म्हणजे काय?' असें विचारणारा, अशी वांटणी सहज होऊं शकते. या तिसऱ्याचें महत्त्व विद्वानांस क्वचितच पटतें. तत्त्वज्ञानाचे अध्यापक टी. व्ही. स्मिथ, अर्थशास्त्राचे पॉल डग्लस व हॅरी गिडिअन्स अशीं माणसें या मेजाभोंवतीं वारंवार बसूं लागलीं, तीं केवळ विद्वान् म्हणून नव्हेत. वेळेवर बोलणें तोडणारीं आणि तुटलेलें बोलणें पुन्हां जोडणारीं म्हणून.

कागद नव्हता याचा अर्थ तयारी नव्हती असा मात्र नाहीं. विषय आधीं ठरे, माणसें विचारपूर्वक निवडलीं जात. ध्वनिक्षेपणापूर्वीं वक्ते एकत्र बसून कोठून आरंभ करावयाचा, कोणते मुद्दे घ्यावयाचे, आपला खरा मतभेद कोठें आहे, याची नुसती रूपरेषा आखीत. शब्द मात्र त्या वेळचे त्या वेळींच. ही मर्यादा सांभाळणें तालमीहून अवघड आहे. आदल्या दिवशीं मुद्दा फार रंगला तर दुसऱ्या दिवशीं तो उष्टा लागतो. डेप्युटी साहेबांच्या तपासणीच्या आदल्या दिवशीं वर्गांत प्रश्नोत्तरांची उजळणी घेतली म्हणजे काय होतें हें कोणाही शाळामास्तरास ठाऊक आहे: मुलें उत्तरें बरोबर देतात, पण प्रश्न पुरा होण्यापूर्वींच देतात. शिकागोच्या व्यवस्थापकांना हाच धोका दर आठवड्यास टाळावा लागे.

१९३१ अखेर हें केंद्र एन. बी. सी. या मोठ्या कंपनीनें घेतलें, आणि १९३३ च्या ऑक्टोबरपासून हा शहरापुरता संवाद देशभर ऐकूं जाऊं लागला. तेव्हां प्रश्नही मोठे झाले. १९३७ मध्यें विल्यम बेंटन हे जाहिरातींच्या धंद्यांत पैसा मिळवून बाहेर पडलेले गृहस्थ विद्यापीठाचे उपाध्यक्ष झाले. त्यांनीं या कार्यक्रमाकडे विशेष लक्ष घातलें, आणि १९३८ सालीं आल्फ्रेड स्लोन यांच्या नांवच्या निधीकडून त्यास द्रव्यसाहाय्य मिळूं लागलें. हे स्लोन 'जनरल मोटर्स' या अवाढव्य कारखान्याचे सूत्रधार. त्यांच्या पैशानें चालणाऱ्या मेजावर मजुरांचे संप, मक्तेदारी, कर यांविषयीं मोकळेपणानें बोलतां येईल काय? दात्यानें तोंडानें कांहीं सांगितलें नाहीं तरी त्याची सावली मेजावर पडते. विषय व माणसें निवडण्याचा अधिकार विद्यापीठाच्या हातांतून जातां कामा नये, ही काळजी म्हणूनच त्या मेजावरील दिव्यांइतकीच महत्त्वाची होती. श्रोत्यास या गोष्टीही दिसत नसत.

आणि एक गोष्ट अशी होती कीं ती मेजाभोंवतालच्या बहुतेकांनाही दिसत नव्हती. १९४२ च्या डिसेंबरच्या २ तारखेस याच विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड या क्रीडांगणांत, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या जागेंत, एन्रिको फर्मी यांच्या देखरेखीखालीं अणुविघटनाची स्वयंचलित साखळी मनुष्याच्या हातून प्रथमच सुरू झाली. युद्धाचें गुपित म्हणून त्याविषयीं अवाक्षर काढण्याची मुभा नव्हती. त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ दर रविवारीं या विद्यापीठाचा मोकळा संवाद चालला. युद्धावर, शांततेवर, जगाच्या भवितव्यावर बोलणें झालें. आणि ज्या गोष्टीनें तें भवितव्य ठरावयाचें होतें ती त्याच विद्यापीठांत घडली असतांना तिचा उच्चार होऊं शकत नव्हता. बिनकागदी बोलण्याच्या स्वातंत्र्यास केवढी भिंत होती!

ती भिंत पडली हिरोशिमानंतर. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं बॉम्ब पडला, आणि १२ तारखेच्या रविवारीं अणुशक्ति व मानवजात या विषयावर गोलमेज झालें. रॉबर्ट हचिन्स, रसायनशास्त्रज्ञ रूबेन गुस्टाव्हसन आणि समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न हे बसले होते. हचिन्स हे ज्या विद्यापीठाचे प्रमुख, त्याच विद्यापीठांत या अस्त्राची पूर्वतयारी झाली होती. तरी असें अस्त्र वापरावयाचेंच तर अगदीं शेवटचा उपाय म्हणून व आत्मसंरक्षणासाठींच वापरावें, आणि तें ज्या रीतीनें वापरलें गेलें तिनें अमेरिकेची नैतिक प्रतिष्ठा गेली, असें त्यांनीं बोलून दाखविलें. जपान शरण आल्याची घोषणा अजून व्हावयाची होती. अशा आठवड्यांत हें वाक्य लिहून तपासणीस पाठवावें लागलें असतें तर तें किती हातांतून सुखरूप बाहेर पडलें असतें, याची कल्पना करावी.

पुढें १९५० च्या फेब्रुवारींत, हायड्रोजन बॉम्ब तयार करण्याचा निर्णय अध्यक्ष ट्रूमन यांनीं जाहीर केल्यावर महिन्याच्या आंत, २६ तारखेस चौघे शास्त्रज्ञ बसले: हान्स बेथ, हॅरिसन ब्राउन, फ्रेडरिक साइट्झ आणि लिओ झिलार्ड. तिघांची वहिवाट त्या दिवशीं मोडली. अशा बॉम्बमधून मुद्दाम किरणोत्सर्गी धूळ निर्माण करण्याची योजना केली तर पृथ्वीवरील सर्व मनुष्यें मारतां येतील, असें झिलार्ड म्हणाले. वृत्तपत्रांत खळबळ उडाली. इतकें भयंकर बोलावें काय, म्हणून टीकाही झाली. झिलार्ड हा मनुष्य धास्ती घालण्यासाठीं बोलत नव्हता. साखळीची कल्पना ज्यांना प्रथम सुचली त्यांपैकीं तो होता, आणि ती कोठवर जाऊं शकते हें त्यास इतरांहून अधिक स्पष्ट दिसत होतें. सभेंतील व्याख्यानांत हें वाक्य आलें असतें तर तें उत्प्रेक्षा म्हणून सोडून दिलें गेलें असतें. तीन जाणत्या माणसांसमोर बसून, ज्यांना तें तेथल्या तेथें खोडतां आलें असतें त्यांच्या तोंडावर उच्चारलें गेलें, म्हणून त्याचें वजन पडलें.

या संवादांची छापील प्रत दहा सेंटांस मिळे. आधीं लिहिलेली संहिताच नसल्यानें येथें नेहमीचा क्रम उलटा होता: लंडनमध्यें लेख आधीं आणि आवाज नंतर, तर शिकागोंत आवाज आधीं व लेख नंतर. झालेलें बोलणें उतरून घेऊन लहान पुस्तिकेच्या रूपानें लोकांकडे जाई. मागें आणखी वाचनासाठीं ग्रंथांचीं नांवें आणि चर्चेसाठीं प्रश्न दिलेले असत. गांवोगांवचीं अभ्यासमंडळें तीं मागवीत, आणि आपापल्या बैठकीच्या खोलींत, दिवे व घड्याळ नसलेल्या मेजाभोंवतीं, तोच वाद पुढें चालवीत.

१९५५ च्या जूनमध्यें हा कार्यक्रम बंद झाला. तोंपर्यंत घरोघर दूरचित्रवाणी आली होती. पहिल्या दिवशीं बसलेल्या तिघांपैकीं पर्सी बॉइन्टन तेव्हां हयात नव्हते. दारूबंदी तर १९३३ सालींच उठली होती.